शेजाऱ्याने हप्ता थकवला तर? गल्लीतल्या गटाराचं कर्ज आणि त्याची हमी

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सिनसिनाटी शहराला लागून नॉरवुड नावाचं गाव आहे. तिथे एलन बेकर नावाच्या बाईंची जमीन होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावाने एक रस्ता पुढे वाढवायचं ठरवलं आणि तो नेमका बेकरबाईंच्या जमिनीतून जात होता. रस्त्यात जाणाऱ्या पट्टीची भरपाई ठरली २,००० डॉलर. इथवर सगळं रीतसर. मग गावाने दुसरा हिशेब मांडला. या रस्त्याचा फायदा कोणाला? रस्त्याच्या दोन्ही अंगांना जमीन बेकरबाईंचीच, म्हणजे फायदा त्यांना. तेव्हा रस्त्याचा खर्चही त्यांच्याच उरलेल्या जमिनीवर टाकायचा. आणि त्या खर्चात धरलं काय? त्यांना दिलेले २,००० डॉलर, ती भरपाई ठरवण्यासाठी झालेला कोर्टखर्च आणि वर व्याज!

म्हणजे जमीन गेली, पैसे आले, आणि तेच पैसे थोडी भर घालून परत करायचे. बाई कोर्टात गेल्या. १८९८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. झालेल्या फायद्यापेक्षा बरीच जास्त आकारणी करणं म्हणजे मोबदला न देता मालमत्ता काढून घेणंच, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

गावाचा हिशेब टोकाचा होता, पण त्यामागचं तत्त्व चुकीचं नव्हतं. शहरातली काही कामं सगळ्यांसाठी असतात, जसं मोठं धरण, मुख्य रस्ता, अग्निशमन केंद्र. काही कामांचा फायदा मात्र मुख्यतः एका गल्लीला, एका वस्तीला होतो: त्या गल्लीतलं ड्रेनेज, फुटपाथ, दिवे. एका गल्लीच्या गटारासाठी सगळ्या शहराने घरपट्टी का वाढवून द्यायची? ज्यांच्या दारातून ते जाणार, ज्यांच्या घराची किंमत त्यामुळे वाढणार, त्यांनीच मुख्य भार उचलावा. लंडनमध्ये १६६६ च्या भीषण आगीनंतर शहर पुन्हा उभं करताना १६६७ च्या कायद्यात ही कल्पना आली. न्यूयॉर्कमध्ये १६९१ मध्ये, म्हणजे इंग्रजांच्या वसाहतीच्या काळातच, रस्ते आणि गटारांसाठी तसा कायदा झाला. कोलंबियात १९२१ पासून ही पद्धत आहे आणि तिथल्या मोठ्या शहरांनी तिच्यातून रस्त्यांसाठी बराच पैसा उभा केला. आपल्याकडे मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्यापासून बेटरमेंट चार्ज नावाने तीच कल्पना नांदते आहे. नावं वेगवेगळी, मुद्दा एकच: ज्याचा लाभ त्याचा भार.

तत्त्व सोपं आहे. घोळ होतो तो पैसे कधी द्यायचे या प्रश्नावर. ठेकेदाराला पैसे आज हवे असतात आणि घरमालकाला ते दहा वर्षांत द्यायचे असतात. या दोघांमध्ये जी पोकळी राहते, ती कर्जाने भरायची. आणि कर्ज म्हटलं की पैसे देणारा पहिला प्रश्न विचारतो: यांनी नाही फेडलं तर?

हा प्रश्न नीट कळण्यासाठी एक गल्ली डोळ्यांसमोर आणू. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात या पद्धतीचे नियम फार बारकाईने बांधलेले आहेत, म्हणून गल्ली तिथलीच धरतो. आकडे माझे, समजण्यापुरते. चाळीस घरं आहेत. ड्रेनेज आणि फुटपाथचा खर्च ८ लाख डॉलर. सगळ्यांना सारखाच लाभ मानला तर प्रत्येक घराच्या वाट्याला २०,००० डॉलर येतात. प्रत्यक्षात वाटे सारखे नसतात. कुठे रस्त्यालगतची लांबी मोजतात, कुठे क्षेत्रफळ, तर कुठे कामाआधीची आणि कामानंतरची किंमत काढून फरक बघतात. रस्त्यालगतच्या लांबीची मोजपट्टी सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत आंधळी. कोपऱ्यावरच्या घराला दोन बाजू असतात म्हणून त्याला गटाराचा दुप्पट फायदा होत नाही. तरी १९०१ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने ही मोजपट्टी चालेल असं म्हटलं, आणि बेकरबाईंच्या निकालाची धार पुष्कळ कमी झाली.

आता २०,००० डॉलर ज्याला एकरकमी भरायचे असतील त्याने भरावेत. आकारणी कायम झाल्यावर त्यासाठी ३० दिवसांची मुदत असते आणि त्या मुदतीत भरले तर व्याज लागत नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्या मिळकतीवर तेवढ्या रकमेचा बोजा चढतो आणि हप्ते सुरू होतात. समजा चाळीसही घरांनी हप्तेच निवडले, मुदत दहा वर्षं, व्याज ५ टक्के. पहिल्या वर्षी प्रत्येक घराने मुद्दलाचे २,००० आणि व्याजाचे १,००० असे ३,००० डॉलर द्यायचे. चाळीस घरांचे मिळून १ लाख २० हजार. शहराने या येण्याच्या भरवशावर ८ लाखांचे कर्जरोखे, म्हणजे व्याजासकट फेडण्याचं वचन देणारे कागद, विकले आणि ठेकेदाराला पैसे दिले. रोखे घेणाऱ्यांना त्या वर्षी हेच १ लाख २० हजार मिळायचे आहेत.

चार घरांनी हप्ता भरला नाही. एकाची नोकरी गेली, एक वारसांच्या भांडणात अडकलंय, एकाला आकारणीच मान्य नाही, एक नुसतंच टाळाटाळ करतंय. खात्यात १२,००० डॉलर कमी पडले.

हे १२,००० कायमचे बुडालेले नाहीत. मिळकतीवर बोजा आहे. घर विकायला काढलं की तो आधी फेडावा लागतो. नाहीच फेडला तर शहर जप्ती आणू शकतं, घराचा लिलाव करू शकतं. दंड आणि व्याजासकट पैसे येतील, पण ते येतील दोन-तीन वर्षांनी. रोखेधारकाला मात्र त्याचे पैसे ठरल्या तारखेला हवे असतात.

इथे पूर्वी काय व्हायचं ते बघण्यासारखं आहे. या रोख्यांना क्रमांक असायचे आणि जसजशी वसुली येईल तसतसे ते क्रमाने फेडायचे, आधी १, मग २, मग ३. वसुली पूर्ण झाली तर कुणालाच फरक पडत नाही. थोडी जरी कमी पडली तर सगळा तोटा शेवटच्या क्रमांकांच्या वाट्याला. दहा टक्के थकबाकीचा फटका प्रत्येकाला दहा-दहा टक्के बसत नाही. नव्वद जणांना पूर्ण पैसे मिळतात आणि शेवटचे दहा जण हात चोळत बसतात. असला रोखा घेताना माणूस एक तर व्याज जास्त मागेल किंवा किंमत पाडून मागेल. म्हणजे चार घरांच्या थकबाकीची भीती इतर छत्तीस प्रामाणिक घरांच्या व्याजात येऊन बसते.

यावर तोडगा निघाला तो हमी निधीचा. वॉशिंग्टन राज्यातली शहरं अशा स्थानिक कामांच्या रोख्यांसाठी एक वेगळा निधी ठेवतात. एखाद्या गल्लीच्या खात्यात पैसे कमी पडले की या निधीतून रोखेधारकाला पैसे दिले जातात. आपल्या उदाहरणात १२,००० डॉलर. निधीतही रोख नसेल तर त्याच्यावर व्याजी चिठ्ठ्या, म्हणजे पैसे आले की व्याजासकट देऊ असे कागद, काढता येतात, आणि शहराला अंदाजपत्रकात कर लावून तो निधी भरावा लागतो. मुख्य खुबी पुढेच आहे. पैसे दिल्याक्षणी तो निधी रोखेधारकाच्या जागी येऊन बसतो. त्या चार घरांवरचा बोजा आता निधीचा. उद्या वसुली झाली, दंड आला, लिलावात किंमत आली, तर ते सगळं निधीत परत. लिलावात कुणी पुढे आलंच नाही तर मिळकत विकत घेऊन पुढे विकण्याचीही सोय आहे.

थोडक्यात, शहराने थकबाकीदाराचं कर्ज माफ केलेलं नसतं. त्याचा सावकार बदललेला असतो, इतकंच.

आणि हमीला कुंपणही घातलेलं असतं. रोखेधारकाला पैसे मागायला दोनच दारं: त्या गल्लीची आकारणी आणि हमी निधी. शहराच्या इतर तिजोरीवर त्याचा दावा चालत नाही, आणि कायद्यातलं हे कलम रोख्यावरच छापलेलं असायला हवं असा तिथला नियम आहे. कागद हातात घेणाऱ्याला नंतर ‘मला वाटलं सगळं शहर मागे उभं आहे’ असं म्हणायला जागाच नको.

आता या लेखातला माझा खरा मुद्दा. हमी निधी चांगला चालतो, कारण तो उशिरावरचा उपाय आहे. चाळीसातली चार घरं थकली, घरांना किंमत आहे, वसुली आज ना उद्या होणार, अशा वेळी मधली दोन-तीन वर्षं निभावून न्यायला निधी पुरतो. पण बुडीत ही वेगळी चीज आहे. चाळीसातली तीस घरं थकली आणि लिलावात बोली लावायला कुणी नाही, अशी वेळ आली तर हमी निधी म्हणजे फुटलेल्या धरणाला लावलेली गोणी.

असं घडलेलंही आहे. शिकागोच्या उत्तरेला नाइल्स सेंटर नावाचं गाव होतं. १९२० च्या दशकात जमिनींचे भाव चढत होते, प्लॉट पाडून विकणाऱ्यांची चलती होती. आकारणीच्या भरवशावर पैसा उभा करून रस्ते झाले, फुटपाथ झाले, ड्रेनेज टाकलं गेलं, दिव्यांचे खांब उभे राहिले. घरं मागाहून येणार होती. आली मंदी. रिकाम्या प्लॉटमध्ये गवत वाढलं, मधून पक्के रस्ते आणि ओळीने दिवे, आणि माणूस कुठेच नाही. प्लॉटवरची आकारणी प्लॉटच्या किमतीपेक्षा मोठी झाली की मालक हप्ता भरेलच कशाला? तो जमिनीवर पाणी सोडतो. या गावाने १९४० मध्ये नावही बदललं, आज ते स्कोकी म्हणून ओळखलं जातं. मोकळे प्लॉट भरायला दुसरं महायुद्ध संपावं लागलं.

तेव्हा अशा कर्जाकडे बघताना व्याज किती, हमी कुणाची, याच्याही आधी मी एक आकडा शोधतो: मिळकतींची किंमत त्यांच्यावरच्या आकारणीच्या किती पट आहे? दहापट असेल तर थकबाकी म्हणजे नुसता उशीर. बरोबरीला आली असेल तर ती बुडीताची चाहूल.

मग सगळ्या शहराचीच हमी का देऊ नये? तसंही करतात. कर्जफेडीसाठी शहराची पूर्ण पत आणि कर लावण्याचा अधिकार तारण ठेवला की त्या रोख्यांना सर्वांत भक्कम मानलं जायचं. गरज पडली तर कर वाढवू, पण फेडू, असं वचन. डेट्रॉईटने १८ जुलै २०१३ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा शहराच्या डोक्यावर सुमारे १८ अब्ज डॉलरचा बोजा होता. लोकच शहर सोडून गेले होते, कर वाढवायचा कोणावर? तडजोडीत अमर्याद कराच्या वचनावर घेतलेल्या रोख्यांना डॉलरमागे साधारण ७४ सेंट मिळाले. गंमत अशी की त्याच शहराचे पाणी आणि सांडपाण्याच्या वसुलीवर बांधलेले रोखे पूर्ण फेडले गेले. शहर दिवाळखोर झालं तरी नळ चालू असतो, बिल येतं, आणि ते पैसे आधीच वेगळे बांधलेले असतात.

हे बांधून ठेवणं कुठून आलं? १८९५ मध्ये, पुन्हा वॉशिंग्टन राज्यातच, स्पोकेन शहराच्या पाणीयोजनेवरून खटला झाला. राज्यघटनेने शहराच्या कर्जाला मर्यादा घातली होती. शहराचं म्हणणं होतं की आम्ही फक्त पाणीपट्टीतून फेडणार आहोत, करदात्याच्या खिशाला हात लावणार नाही, मग हे आमचं कर्ज कसं? न्यायालयाने ते मान्य केलं. त्या एका युक्तिवादावर पुढे अमेरिकेतल्या असंख्य पाणीयोजना आणि पूल उभे राहिले. त्यातून पळवाटाही निघाल्या हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडचं या जातीचं सर्वांत देखणं उदाहरण अहमदाबादचं. १९९७ मध्ये बंगळूर महापालिकेने १२५ कोटींचे रोखे काढले ते राज्य सरकारच्या हमीवर. अहमदाबाद महापालिकेने १९९८ मध्ये १०० कोटी उभे केले, पाणी आणि ड्रेनेजसाठी, आणि राज्याची हमी न घेता. मग गुंतवणूकदाराने विश्वास ठेवला तो कशावर? जकातीवर. शहराच्या ठरावीक जकात नाक्यांवर जमणारा पैसा थेट एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या देण्यासाठीच वेगळ्या ठेवलेल्या खात्यात, जायचा. त्यातून आधी रोखेधारकांचा वाटा बाजूला निघायचा, उरलेला महापालिकेकडे. म्हणजे महापालिकेत उद्या सत्ता बदलली, आयुक्त बदलले, पगाराला पैसे कमी पडले, तरी नाक्यावरून निघालेला पैसा वाटेत कुणाच्या हाती लागत नाही. मला ही युक्ती मोठ्या कागदी हमीपेक्षा जास्त पटते. हमी म्हणजे ‘वेळ आली तर देईन’ हे वचन. एस्क्रोत वेळ येण्याची वाटच बघावी लागत नाही.

पुणे महापालिकेने जून २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी ७.५९ टक्के दराने २०० कोटी उभे केले. अहमदाबादच्या रोख्यांवर १४ टक्के व्याज होतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवून पुण्याची पत दुप्पट असं कुणी म्हणू नये. मधल्या वीस वर्षांत देशातले व्याजदरच उतरले होते.

लहान नगरपालिकेचं काय? तिला एकटीला कुणी विचारत नाही. रोखे काढण्याचाच खर्च इतका की पाच-सात कोटींसाठी तो परवडत नाही. तमिळनाडूने २००२ च्या सुमारास डझनभर लहान नगरपालिकांची मोट बांधून सुमारे ३० कोटी एकत्र उभे केले. तिथली हमी एकावर एक थर चढवल्यासारखी होती. आधी प्रत्येकीचं स्वतःचं उत्पन्न. ते कमी पडलं तर राज्याकडून तिला मिळणारं अनुदान वळतं करून घ्यायचं. त्याच्या मागे राज्याने ठेवलेला राखीव निधी. आणि सगळ्यात मागे अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेची मुद्दलाच्या निम्म्या रकमेपुरती हमी. एक थर फाटला तरच दुसऱ्यावर भार.

विमा हा आणखी एक मार्ग. १९७१ मध्ये अलास्कातल्या जुनो इथल्या वैद्यकीय इमारतीसाठी काढलेल्या साडेसहा लाख डॉलरच्या रोख्यांचा विमा अॅम्बॅक या कंपनीने उतरवला. असा विमा तोवर कुणी उतरवला नव्हता. धंदा इतका सुरक्षित होता, शहरं इतकी क्वचित बुडायची, की विमा कंपन्यांना कंटाळा आला असावा. त्यांनी गृहकर्जांवर बेतलेल्या रोख्यांचाही विमा उतरवायला सुरुवात केली. २००८ मध्ये तो सगळा डोलारा कोसळला. शहरं जागेवर उभी होती, त्यांची हमी घेणारेच आडवे झाले. २०१० मध्ये अॅम्बॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

हमीदाराबद्दल एक प्रश्न फार कमी लोक विचारतात: ही हमी देण्याचा त्याला मुळात अधिकार आहे का? वॉशिंग्टन राज्यातल्या सार्वजनिक वीजपुरवठा संस्थेने दोन अणुवीज प्रकल्पांसाठी २२५ कोटी डॉलरचे रोखे विकले होते. वीज तयार होवो न होवो, आम्ही पैसे देऊ, असे करार ८८ वीज संस्थांनी केले होते. कागदावर याहून घट्ट हमी नाही. प्रकल्प गुंडाळावे लागले. १९८३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यातल्या स्थानिक संस्थांना असा करार करण्याचा अधिकारच नव्हता. हमी एका निकालात विरघळली आणि शहरी रोख्यांच्या इतिहासातली तोवरची सर्वांत मोठी बुडवणूक झाली.

या सगळ्या गुंत्याशेजारी चेन्नईजवळच्या आलंदूरची गोष्ट ठेवली की बरं वाटतं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या नगरपालिकेला भुयारी गटारं हवी होती. तिने घरटी ५,००० रुपये आणि दुकानं-व्यवसायांकडून १०,००० रुपये अनामत आधीच गोळा केली. खड्डा खणण्याआधी, पाइप दिसण्याआधी! पदाधिकारी वस्त्यावस्त्यांत फिरले, लोकांना समजावलं. उरलेला पैसा कर्ज आणि अनुदानातून आला. कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने बघा: ज्यांनी पुढे हप्ते भरायचे, त्यांनी आधीच खिशात हात घातलेला आहे. लोकांना हे गटार खरंच हवं आहे का, या प्रश्नाचं उत्तर बँकेत जमा होतं. नाइल्स सेंटरच्या रिकाम्या प्लॉटना हाच प्रश्न कुणी विचारला नव्हता.

वॉशिंग्टनच्या कायद्यात हा प्रश्न उलट्या बाजूने विचारतात. शहराने ठराव केल्यावर ३० दिवसांत, एकूण खर्चाचा ६० टक्के किंवा जास्त भार ज्यांच्यावर पडणार आहे अशा मालकांनी लेखी विरोध केला, तर शहराला काम सहसा सोडून द्यावं लागतं. इथे डोकी मोजत नाहीत, भार मोजतात. चाळीसातल्या दोन मोठ्या मिळकतींकडे मोठा वाटा असेल तर त्यांच्या सहीचं वजनही तेवढंच.

गल्लीत राहणाऱ्याच्या हाती दोन नोटिसा येतात आणि बहुतेक जण दोन्ही एकाच ड्रॉवरमध्ये टाकतात. पहिली काम करावं की नाही याबद्दल असते. दुसरी काम झाल्यावर येते, तिच्यात तुमच्या मिळकतीवरचा आकडा असतो आणि सुनावणीची तारीख. आकडा मान्य नसेल तर हरकत त्या तारखेपर्यंत लेखी द्यावी लागते. सुनावणीला गप्प बसलेला माणूस नंतर कोर्टात गेला, तर ‘तेव्हा का नाही बोललात’ एवढ्यावरच त्याला परत पाठवतात.